राहू दे

जूनचा शेवटचा रविवार. समुद्रातली मासेमारी बंद होऊन महिना होत आलेला, त्यामुळे भांडुपच्या बाजारात जे काही होतं ते बर्फातलं, डोळे पांढरे पडलेलं. पापलेटचा भाव विचारायची सोय नव्हती आणि बांगड्याकडे बघवत नव्हतं. वरून ताडपत्री गळत होती. नेहमीच्या मावशीच्या पाटीत, कोलंबीच्या कडेला, पाच-सहा चिलाप्या पडल्या होत्या. गोड्या पाण्यातल्या, करड्या, जाड खवल्यांच्या, पाठीवर काट्यांचा कंगवा उभा. एकीचा जबडा अजून सावकाश उघडझाप करत होता. मी तीच उचलली, अंगठ्याने कल्ल्याचं झाकण वर केलं. आत लालभडक. मावशीने ती तराजूत टाकली, कोयता पुढे ओढला आणि विचारलं, "डोका काढू?" मी म्हटलं, "राहू दे."

मावशीने मान हलवली, चिलापी तराजूतून उचलली आणि परत पाटीत टाकली. माझ्या मागच्या बाईला म्हणाली, "बोल गो."

मला म्हणायचं होतं, डोकं राहू दे.

एक शब्द पुरला असता. "अगं मावशी, घ्यायचाय" एवढं म्हटलं असतं तरी तिने दोन शिव्या हासडून मासा साफ करून दिला असता. पण मी बोलले नाही. छत्री सावरली, पाव किलो सुकट घेतली आणि घरी आले. जेवताना नवरा म्हणाला, सुकट मस्त झालीय. झालीच होती. पण काटा घशात अडकल्यावर भाताचे कोरडे गोळे गिळावेत आणि तरीही तो तिथेच आहे असं वाटत राहावं, तसं ते "राहू दे" आठवडाभर टोचत राहिलं. एक मासा घ्यायचा राहिला, त्यात काय एवढं? शिवाय तो चिलापी. माझ्या माहेरी हा शब्द कोणी उच्चारला असता तर आईने आधी त्या माणसाकडे आणि मग त्याच्या पायातल्या चपलांकडे बघितलं असतं.

माझं माहेर मालवणचं, म्हणजे राहणं गिरगावात आणि खाणं मालवणचं. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून आई मला बाजारात नेऊन मासा बघायला शिकवायची. डोळा बघ, फुगीर हवा. बोटाने दाब, खळगा पडता कामा नये. आणि मग कल्ला उघड. लाल तर ताजा, विटकरी तर कालचा, चॉकलेटी तर कोळणीकडे बघून हसायचं आणि पुढे जायचं. वाद घालायचा नाही, कारण उद्या परत तिच्याकडेच यायचंय. हे सगळं समुद्राच्या माशाबद्दल. गोड्या पाण्यातला मासा आमच्याकडे मासा नव्हताच. समोरच्या बिल्डिंगमधले बंगाली काका रविवारी रोहू घेऊन जाताना दिसले की आई हळहळून म्हणायची, "बिचाऱ्यांक चिखलातला खावचा लागता." मला बरीच वर्षं वाटायचं की ते गरीब आहेत. ते बँकेत मॅनेजर होते.

लग्न झालं ते इंदापूरकडच्या घरात. सासऱ्यांचं, अण्णांचं, गाव भीमेच्या काठचं. उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं, तोवर त्यांचं घर, चिंचेचं झाड आणि काळी जमीन पाण्याखाली गेली होती. थोरला भाऊ नव्या गावठाणात राहिला, अण्णा परळला गिरणीत लागले, तिथे दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच 1982 चा संप आला. पुढे वॉचमनकी, पुढे भांडुपचं हे तळमजल्याचं घर. हे सगळं त्यांनी मला एकदाच, लाइट गेलेली असताना, सांगितलं. चिलापीबद्दल मात्र ते रोज बोलत. भिगवणच्या बाजारातली चिलापी, भोयांनी पहाटे काढलेली, हळद-मीठ-लसूण आणि लाल तिखट चोळून तेलात कडक केलेली, काट्यासकट कुरकुरीत. डोकं सगळ्यात शेवटी खायचं. ते चोखताना बोलायचं नाही.

गंमत अशी की अण्णा लहान असताना भीमेत चिलापी नव्हतीच. त्यांनीच सांगितलं. तेव्हा मरळ असायची, वाम असायची, शिंगटा असायचा. चिलापी मूळची आफ्रिकेची, मोझांबिककडची, भारतात आणली ती 1952 साली. उजनीच्या साचलेल्या पाण्यात ती अशी काही माजली की नदीतले जुने मासे मागे पडले. ज्या पाण्याने घर नेलं त्याच पाण्याबरोबर आलेला मासा या माणसाला घरचा कसा वाटतो, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. आता कळतं असंही नाही.

2020 चं टाळेबंदीचं वर्ष नसतं तर हे बोलण्यावरच राहिलं असतं. पण त्या वर्षी माणसं घरात बसून काय काय करत होती हे तुम्हाला माहीतच आहे. कोणी पाव भाजत होतं, कोणी गच्चीवर कोथिंबीर लावत होतं. अण्णांना गावी जाता येत नव्हतं, बाजारात जाऊ देत नव्हतो, आणि ते मागच्या दारी खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसत. माझ्या मुलाने, निनादने, मोबाइलवर कुठेतरी प्लास्टिकच्या टाकीत चिलापी वाढवणारा माणूस बघितला आणि आजोबांना दाखवला. त्यानंतर आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मागच्या मोकळ्या जागेत 500 लिटरची काळी सिंटेक्स आली. सोसायटीचे सेक्रेटरी मास्क लावून बघायला आले. वर कुठल्या मजल्यावर असतो तर त्यांनी स्लॅबच्या नावाने नोटीसच काढली असती, आणि त्यांचं चुकलंही नसतं, 500 लिटर पाणी म्हणजे अर्धा टन. तळमजला होता म्हणून निभावलं. टाकीशेजारी निळं पिंप, त्यात नारळाचा काथ्या, विटांचे तुकडे आणि निनादने अख्ख्या बिल्डिंगमधून गोळा केलेली बाटल्यांची झाकणं. पंपाने टाकीतलं पाणी पिंपात चढायचं आणि त्या सगळ्यातून गाळून परत टाकीत पडायचं. शिवाय हवेचा छोटा पंप, दिवसरात्र गुरगुरणारा. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झाली की पुढे तो बंद झाल्यावर सगळ्यांची झोप उडाली.

जुलैच्या सुरुवातीला रायगडकडे शेततळ्यात मासे करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने भाजीच्या टेम्पोतून चाळीस बोटुकल्या पाठवल्या. प्राणवायू भरून फुगवलेली पिशवी, तळाशी चार बोटं पाणी आणि त्यात करंगळीएवढे मासे. जात गिफ्ट. हे नाव ऐकून मला वाटलं होतं की तो फुकट देतोय. तर ते फिलिपाइन्समध्ये 1988 पासून निवड करत करत तयार केलेल्या, भराभर वाढणाऱ्या चिलापीचं नाव. पैसे त्याने रोख घेतले. वर सांगितलं की सगळे नर आहेत; जिऱ्याएवढी पिल्लं असतानाच तीन-चार आठवडे खाद्यातून हार्मोन दिलं की माद्याही नरासारख्या वाढतात. कारण नर मोठा होतो, आणि मादी एकदा पिल्लं घालू लागली की टाकीत नुसती गर्दी होते, वाढत कोणीच नाही. "पण शंभरात दोन-चार निसटतात," हेही तो म्हणाला होता. ते आमच्या लक्षात राहिलं नाही.

मला त्या टाकीत रस नव्हता. खरं सांगायचं तर मला तिचा राग होता. भांडी, कपडे, ऑनलाइन शाळा, ऑफिसच्या मीटिंगा आणि त्यात आता पालिकेचं पाणी आलं की आधी माशांसाठीचं वेगळं पिंप भरायचं. कारण नळाचं पाणी थेट टाकीत घालायचं नाही, क्लोरीन असतं. पिंपात दिवसभर उघडं ठेवायचं, मग द्यायचं. मुंबईला येणारं बरंचसं पाणी आमच्या भांडुपच्याच संकुलात शुद्ध होतं, त्यामुळे की काय, आमच्या नळाला कधीकधी तो तरणतलावासारखा वास जरा जास्तच येतो असं मला वाटतं. अण्णा सकाळी पिंपात वाकून वास घेत आणि "अजून हाय" किंवा "ग्येला" म्हणत. खाद्य टाकायचं काम त्यांनी कोणाला दिलं नाही. तरंगणाऱ्या बारीक गोळ्या मुठीतून सुटल्या की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. दोन मिनिटांत शांत. अण्णांना वाटायचं, अजून भूक असेल. आणखी मूठ.

ती मूठच नडली. चौथ्या आठवड्यात, श्रावण लागून गेला होता, एका सकाळी सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. हवेचा पंप चालू, बुडबुडे भरपूर, पाणी बघायला स्वच्छ. दुपारपर्यंत सहा मेले. घरात श्रावण म्हणून मासा शिजत नव्हता आणि मागच्या दारी मरत होता. मेलेला एक मी हातात घेतला आणि काही विचार न करता, सवयीने, कल्ला उघडला.

चॉकलेटी.

मला तो क्षण अजून जसाच्या तसा आठवतो, हाताला लागलेल्या बुळबुळीसकट. पाच मिनिटांपूर्वी पोहत असलेला मासा आणि आईच्या हिशेबाने तीन दिवसांचा शिळा. मी अण्णांना दाखवला. ते म्हणाले, "आसं कसं?" वर्सोव्याच्या मत्स्यशिक्षण संस्थेत शिकलेला एक मुलगा नवऱ्याच्या ऑफिसातल्या कोणाचा तरी भाचा निघाला. त्याने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "टाकी किती दिवसांची?" मग समजावलं. मासा अमोनिया सोडतो, तोही बराचसा कल्ल्यांतूनच. उरलेलं खाद्य कुजून त्यात भर घालतं. पिंपातल्या काथ्यावर आणि झाकणांवर जिवाणूंची बुळबुळीत साय धरते, ते जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि मग दुसरे येऊन त्याचं नायट्रेट करतात, जे माशाला फारसं बाधत नाही. पण हे दुसरे उशिरा येतात. चार-सहा आठवडे लागतात. मधल्या दिवसांत नायट्राइट साचतं, कल्ल्यांतून रक्तात जातं आणि रक्ताची प्राणवायू धरायची ताकदच काढून घेतं. रक्त तपकिरी होतं. मग पाण्यात कितीही बुडबुडे सोडा, मासा गुदमरतोच. "खाद्य बंद करा, थोडं थोडं पाणी बदला आणि मीठ टाका," तो म्हणाला. "मीठ?" "साधं खडे मीठ. लिटरला एक ग्रॅम." मिठातलं क्लोराइड कल्ल्यापाशी नायट्राइटची वाट अडवतं म्हणे. मी स्वयंपाकघरातून बरणी आणली, अर्धा किलो मोजून बादलीत विरघळवलं आणि ते हळूहळू टाकीत ओतलं. ओतताना मनात आलं, आई असती तर म्हणाली असती, बघ, शेवटी मिठाच्या पाण्याशिवाय जमलं नाही ना. दोन दिवसांत मासे खाली गेले. एकतीस उरले. टाकीत माझा रस सुरू झाला तो त्या मिठापासून.

त्यानंतर 12 ऑक्टोबर. तो सोमवार मुंबईत कोणी विसरलं नसेल. सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या शहराचे दिवे गेले, गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. निनादचा वर्ग बंद पडला, त्याला आनंद झाला, आणि मग मागच्या दारची गुरगुर थांबल्याचं आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. अर्ध्या तासात मासे वर. अण्णांनी तांब्या घेतला, टाकीतलं पाणी उचलायचं आणि हात जाईल तितक्या उंचावरून परत टाकीत सोडायचं. विहिरीवर रहाट ओढणाऱ्या माणसाची लय होती त्यांच्या हाताला. ते थकले की मी, मी थकले की नवरा, मग निनाद. कोणी फार बोलत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून विचारत होत्या, अहो, अभिषेक कोणाला चाललाय? दुपार झाली तेव्हा पंप पुन्हा गुरगुरला. माझे दोन्ही खांदे चार दिवस दुखत होते. एकही मासा गेला नाही. संध्याकाळी अण्णांनी आपणहून मला चहा करून दिला. सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. साखर फार होती.

पुढे थंडी आली, मुंबईत जेवढी येते तेवढी. मासे सुस्तावले, खाद्य कमी करावं लागलं. फेब्रुवारीत पाणी तापायला लागल्यावर पुन्हा उसळायला लागले. एव्हाना मी त्यांना वेगवेगळं ओळखायला लागले होते. मोठे नर काळपट आणि दांडगे, कोपरा धरून बसणारे, दुसरा आला की अंगावर जाणारे. आणि एक जरा लहान, फिकट, जी मार्चमध्ये अचानक खायला येईनाशी झाली. खाद्य पडलं की सगळे वर, ही एका बाजूला, तोंड घट्ट मिटून, गळा फुगलेला. मधूनच चूळ भरल्यासारखं तोंड हलवायची. अण्णांनी तिचं नाव ठेवलं मुकी. "दात दुखत असंल," ते म्हणाले. मला काळजी वाटली की आजारी आहे आणि बाकीच्यांना लागण होईल.

होळीच्या आधीच्या रविवारी पहिले मासे काढायचं ठरलं होतं. आठ महिने झाले होते, मोठे दोन-अडीचशे ग्रॅमचे भरले असते. जमिनीचा चिखलट वास जावा म्हणून चार मासे आधी चार दिवस वेगळ्या टपात, स्वच्छ पाण्यात, उपाशी ठेवले होते. हे त्या वर्सोव्याच्या मुलानेच सांगितलं होतं. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांमुळे तो वास मांसात उतरतो आणि स्वच्छ पाण्यात काही दिवस ठेवला की निघून जातो. त्या रविवारी सकाळी मीच म्हटलं, मुकीलाही काढून टाकू, नाहीतरी खात नाहीये. जाळं मीच घातलं. उचलून मोरीत आणली, ती एकदा जोरात तडफडली आणि तिच्या तोंडातून पिवळे दाणे सांडले. भिजवलेल्या मुगाच्या डाळीसारखे. लादीवर, माझ्या पायावर, नाळीकडे वाहत जाणारे शे-दीडशे दाणे. मला आधी कळलंच नाही. वाटलं, ओकली. अण्णा मागून म्हणाले, "आगं, अंडी हायेत ती." चिलापीची मादी अंडी तोंडात उबवते. पिल्लं बाहेर पडून आपली आपण पोहेपर्यंत, दहा-बारा दिवस, ती काही खात नाही. शंभरात निसटलेल्या दोन-चारांतली ती एक होती. हे मला माहीत असायला हवं होतं. वाचलेलं होतं, पण वाचलेलं आणि मोरीत बघितलेलं यांची गाठ पडायला वेळ लागतो.

अण्णांनी मुकीला परत टाकीत सोडलं आणि ओंजळभर अंडी तिच्यापुढे. ती उचलेल असं त्यांना वाटलं. बाकीच्यांनी ती एका मिनिटात खाल्ली. तीही होती खाणाऱ्यांत. उपाशी होती. अण्णा काही बोलले नाहीत. उरलेली अंडी आम्ही चमच्याने गोळा केली. निनादने शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीचं बूड कापलं, ती उलटी टांगली आणि खालून हवेची बारीक नळी सोडली, म्हणजे अंडी आईच्या तोंडात फिरतात तशी सतत फिरत राहतील. काही पांढरी बुरशी धरून गेली. चौथ्या दिवशी बाकीच्यांना शेपट्या फुटल्या, पोटाखाली पिवळी पिशवी बांधलेली. वीस-बावीस जगली.

आणि त्या रविवारी आम्ही जेवलो. टपातले चार मासे होते ना. मी ते साफ केले, डोकी छाटून मांजरांना टाकली, तुकडे केले आणि ओलं खोबरं, आमसूल, सात-आठ तिरफळं घालून बांगड्याचं करतात तसं दाट तिखलं केलं. का? तर चिखलाचा वास येईल म्हणून. चार दिवस उपाशी ठेवून तो घालवल्यावरही मला तो येत होता, किंवा यायला हवा होता. अण्णा पाटावर बसले. भात कालवला. निनादने विचारलं, "कसं झालंय?" ते म्हणाले, "झकास." दोन घास खाल्ले. मग ताट जरा पुढे सरकवून त्यांनी पातेल्यात डोकावलं आणि विचारलं, "डोकी?"

मी म्हटलं, "टाकली. त्यात काय असतं?"

ते "बरं" म्हणाले. सगळं संपवलं, ताट घासून ठेवलं. मला सांगता येणार नाही की मी ते मुद्दाम केलं होतं. मुद्दाम नव्हतं हेही सांगता येणार नाही. आठ महिने त्या माणसाने त्या चार माशांची मूठ मोजली होती, तांब्याने श्वास पुरवला होता, आणि खायची वेळ आल्यावर मी त्यांना माझ्या आईच्या हातचं वाढलं. चांगलं वाढलं, त्यात शंका नाही. तिरफळं तर गावाहून मागवलेली होती.

पुढे आम्ही आणखी मासे काढले, कडक तळलेही. पण तोवर अण्णांचे दात गेले होते आणि डोकं चोखण्यापुरते उरले नव्हते. 2022 च्या पावसाळ्यात गुडघ्याने फारच धरलं तेव्हा ते थोरल्या दिरांकडे गावी गेले, "पंधरा दिसांसाठी." उरलेले मासे आणि मुकीची मोठी झालेली पोरं त्या रायगडच्या माणसाने नेली. टाकीत आता पाणीकपातीच्या दिवसांत पाणी साठवतो. तळाशी विटांचा एक तुकडा राहिलाय, हात पोचत नाही.

परवा फोन केला तेव्हा हा बाजारातला प्रकार मी अण्णांना सांगितला. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं दोनदा आणि ओरडून. वरच्या काकूंनीही ऐकलं असणार.

"कल्लं बघितलंस?"

"बघितलं. लाल होते."

"मग ताजी हुती." जरा थांबून म्हणाले, "आन् डोकं पायजे आसलं तर ठेव म्हणायचं गं पोरी. राहू दे म्हणलं की बाई काय समजणार, नको."

मी हो म्हटलं. मग नेहमीचं, पाऊस कुठवर आलाय. उजनीकडच्या माणसांशी पावसाचं बोलणं टक्क्यांत होतं, आणि या दिवसांत उण्यात. धरणातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात धरतात आणि टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या पाण्याचे, त्यामुळे उन्हाळ्यात आकडा शून्याच्या खाली जातो आणि धरणात पाणी असूनही ते नसल्याचं सांगितलं जातं. "मायनसमधी ग्येलंय," अण्णा म्हणाले. "पळसदेवचं देऊळ पार पायथ्यापत्तोर उघडं पडलंय. लोक मोटारी घिऊन बघाय येत्यात."

"आणि आपलं घर?"

"घर कुठलं आता. जोतं दिसतंय." मागे कोणीतरी बोलत होतं, कोंबडा ओरडत होता. "भोयांनी जाळी वाळत घातल्यात त्याच्यावर. चिलापी लागलीय की बक्कळ. थोरला म्हणत हुता, हाकलू का त्यांना."

"मग?"

"म्हणलं, राहू दे."